बॅटलटेकचे छोटे रोबोट रंगवणं आणि मोडलेले जोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून आता घसा बसलाय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. मी ठाण्यात राहतो, त्यामुळे पावसाळ्याचं रडगाणं जरा जास्त येईल. सांभाळून घ्या.

हे रोबोट म्हणजे नक्की काय? गुंडमसारखंच का?

नाही. गुंडम म्हणजे बँडायची वीतभर उंचीची किट्स, तुकडे तोडून खटाखट जोडायची. इथे विषय बॅटलटेकचा आहे. १९८४ साली शिकागोच्या फासा कंपनीने हा खेळ बॅटलड्रॉइड्स नावाने काढला, मग ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितला म्हणून पुढच्याच वर्षी नाव बदलून बॅटलटेक केलं. षटकोनी घरांचा नकाशा, दोन फासे, आणि आत माणूस बसून चालवतो असे भलेमोठे युद्धरोबोट, त्यांना मेक म्हणतात. हल्ली कॅटॅलिस्ट गेम लॅब्स हा खेळ काढते. स्केल साधारण १:२८५, म्हणजे माणूस सहा मिलिमीटरचा. गोष्टीत शंभर टनांचा असलेला अ‍ॅटलस टेबलावर जेमतेम अंगठ्याएवढा, आणि वीस टनी लोकस्ट तर खाली पडला की झाडूत जातो. आमच्याकडे गेलाय.

रंग न देता खेळता येतं का?

येतं की. राखाडी प्लास्टिक घेऊन वर्षानुवर्षं खेळणारे आहेत, नियमात कुठेही रंग लागत नाही. पण दोन्ही बाजूंना सगळे राखाडी असले की तिसऱ्या फेरीत ‘हा तुझा का माझा’ सुरू होतं. निदान बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, कड तरी दोन वेगळ्या रंगांत रंगवा, पाच मिनिटांचं काम आहे.

माझा मिनी, म्हणजे हा छोटा रोबोट, कशाचा बनलाय ते कसं कळणार? आणि कळून करायचंय काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. कारण गोंद कुठला, गरम पाणी चालेल का, जुना रंग कशाने काढायचा, हे सगळं यावरच ठरतं.

हातात घेतल्या घेतल्या जड वाटला तर धातू. सिनसिनाटीच्या रॅल पार्थाचे जुने आणि त्यांच्यानंतर आयर्न विंड मेटल्सचे असे असतात, कथिलाचा मिश्रधातू. अगदी जुना, ऐंशीच्या दशकातला असेल तर त्यात शिसं असू शकतं. खालची बाजू कागदावर घासून बघा, पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठली तर शिसं आहे असं धरूनच चाला. हलका आणि किंचित लवचिक असेल, नळी बोटाने दाबली की वाकून परत येत असेल, तर ते हल्लीच्या बॉक्समधलं प्लास्टिक. हलका पण कडक, थरांच्या बारीक रेषा दिसतायत आणि पडला की काचेसारखा तुटतो, तर तो थ्रीडी प्रिंटरवरचा रेझिनचा.

किट जोडायचं जे पातळ प्लास्टिक सिमेंट मिळतं ते पॉलिस्टायरीन वितळवून जोडतं. धातूवर आणि रेझिनवर ते शून्य काम करतं, आणि बॅटलटेकच्या लवचिक प्लास्टिकवरही भरवसा ठेवू नका. सुपरग्लू मात्र सगळ्यांना चालतो.

हात तुटला. फेविक्विक लावलं. परत तुटला. परत लावलं. परत तुटला.

हो, तुटणारच. सुपरग्लू सरळ ओढलं तर भयंकर धरतो पण आडवा झटका बसला की कटकन सुटतो, आणि धातूचा हात म्हणजे खांद्यावर लोंबणारं वजन, त्याला रोज आडवाच झटका बसतो. त्यात तुम्ही जुन्या गोंदावर नवा गोंद लावताय, म्हणजे मिनीला नाही तर जुन्या पापुद्र्याला चिकटवताय.

आधी दोन्ही बाजूंचा जुना गोंद ब्लेडने खरवडून काढा, उघडा धातू दिसला पाहिजे. मग पॉलिश पेपरने जरा खडबडीत करा. आणि मग पिन घाला. पिन म्हणजे जोडाच्या आत लपवलेली तार, बाकी काही नाही. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल लागतं, त्याला पिन व्हाइस म्हणतात, आणि ०.८ किंवा १ मिलिमीटरचं बिट. हे बिट हॉबीच्या दुकानात शोधत बसू नका, सर्किट बोर्डाला भोकं पाडायला तेच लागतं, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत आरामात मिळतं. खांद्यात तीन-चार मिलिमीटर खोल भोक पाडा. समोरच्या तुकड्यावर नेमक्या जागी भोक कसं येणार, तर पहिल्या भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबा, ठिपका उमटला तिथे ड्रिल. तार म्हणून पेपर क्लिपचा तुकडा कापा. आधी गोंद न लावता बसवून बघा, हे मी तीनदा लिहायला तयार आहे, आधी गोंद न लावता बसवून बघा. बसलं की मग टाचणीच्या टोकाने थेंबभर गोंद. थेंबभरच! जास्त ओतला तर वाळायला वेळ लागतो आणि आजूबाजूला पांढरी वाफ धरल्यासारखा डाग पडतो.

फट राहिली तर त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून वरून सुपरग्लूचा थेंब सोडा, क्षणात दगड होतो. नाक लांब ठेवा, वाफ येते आणि गरमही होतं. नंतर कानसने सपाट करा, पण फार वेळ घालवू नका, तो सोडा-गोंद एक दिवस मुरला की कानसेलाच ऐकत नाही.

सोल्डरिंग करू का, असं एकाने विचारलं होतं. नको रे बाबा. मिनीचा धातू आणि सोल्डर जवळपास सारख्याच तापमानाला वितळतात. हात जोडायला जाशील आणि खांदाही जाईल.

बंदुकीची नळी वाकलीय, किंवा पाय फेंगडे झालेत.

प्लास्टिक असेल तर हे दुरुस्तीत मोजतच नाही. चहाला ठेवतो तसं पाणी गरम करा, गॅस बंद करा, मिनी चिमट्याने धरून वीस-तीस सेकंद बुडवा, बाहेर काढून बोटांनी सरळ करा, आणि तसाच धरून लगेच थंड पाण्यात घाला. थंड पाण्याची पायरी लोक गाळतात आणि मग ‘परत वाकली’ म्हणून मेसेज येतो. रंगवायच्या आधी करा, रंगवलेल्याला वाकवलं तर रंगाला भेगा पडतात. रेझिनलाही चालतं पण हळू. धातूला गरम पाण्याचा काही उपयोग नाही, तो हातानेच, एका दमात नाही, थोडा थोडा. आणि तीच नळी चारदा मागेपुढे केली तर पाचव्यांदा हातात येईल.

तुकडाच हरवलाय. आता काय?

इथे मला सगळ्यात जास्त मजा येते त्यामुळे उत्तर लांबणार.

आमच्याकडे दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत एक तरी मेक शहीद होतो. दोन वर्षांपूर्वी आईने फडका मारला आणि वॉरहॅमर नावाच्या मेकचा अख्खा हात, म्हणजे त्याची ती लांब तोफ, कपाटामागे गेली ती गेलीच. आईचं म्हणणं, ‘एवढंसं तर होतं.’ तर लांब नळीसाठी पितळी नळी उत्तम, नसेल तर गिटारची जाड तार, वळसे घातलेली असते ना, ती तर आयतीच कूलिंग पाइपसारखी दिसते. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक तोफेचं तोंड म्हणून झकास जातं. मूठ, खांद्याची पट्टी, गुडघा अशा भरीव गोष्टींना पुटी लागते. एम-सील चालतं का? चालतं, बेसला आणि मोठ्या फटींना. पण त्याचा कण जाडा असतो, बारीक रेषा कोरायला गेलात की कडा तुटतात. बारीक कामाला ग्रीन स्टफ घ्या, निळी आणि पिवळी पट्टी सारखी मळायची. निळी जरा जास्त घेतली तर कडक होतं आणि कडा धारदार निघतात, रोबोटला तेच हवं. बोट आणि हत्यार पाण्याने ओलं ठेवा, नाहीतर मिनी सोडून सगळ्याला चिकटेल.

आणि दुसरा मार्ग, जो मला जास्त आवडतो: हात लावूच नका. या खेळात हात तुटणं ही रोजची गोष्ट आहे, बाजूचं धड उडालं की त्या बाजूचा हातही आपोआप जातो, नियमच आहे. मग मिनीवर तसंच दाखवा. खांद्याच्या खोबणीत ड्रिलने खड्डा करा, जुन्या इअरफोनच्या वायरमधल्या तांब्याच्या दोन-तीन तारा त्यात खोचा, आजूबाजूला काळा आणि कडेला थोडा चंदेरी. माझा तो वॉरहॅमर आता असाच उभा आहे आणि खेळायला आलेला प्रत्येक जण आधी तोच उचलतो. फक्त समोरच्याला सुरुवातीला सांगून टाका की मेकच्या नोंदीच्या कागदावर हात शाबूत आहे, नाहीतर भांडण.

प्रायमर लागतोच का?

लागतो. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा हात, त्यावर रंग नीट धरतो. त्याच्याही आधी मिनी भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर असतं. साच्याच्या दोन भागांमधली शिवण ब्लेडच्या पाठीने खरवडा. न खरवडता रंगवलं तर वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, घातल्यावर ती शिवण अशी उठून दिसते की जणू मुद्दाम काढलीय.

स्प्रे असेल तर वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, एका जागी न थांबता, दोन-तीन पातळ हात. गाडीच्या दुकानातला प्रायमर धातूवर मस्त बसतो, प्लास्टिकवर आधी बेसच्या खालच्या बाजूला मारून बघा, काहींचं सॉल्व्हंट तिखट असतं.

पण बाहेर पाऊस पडतोय!

मग स्प्रेला हात लावू नका. मी जुलैत गॅलरीत उभं राहून पाच मेकवर प्रायमर मारला होता, दमट हवेत तो असा वाळला की पाचही जण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. उलटी गोष्ट नागपूर-अकोल्याकडच्या मित्रांची, मे महिन्यात दुपारी स्प्रे मारतात, थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत पॉलिश पेपरसारखा होतो. कोकण-मुंबईत डिसेंबर-जानेवारीत, विदर्भात सकाळी लवकर. आणि थांबवत नसेल तर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, बाटलीतला, त्याला हवामानाशी फार देणंघेणं नसतं. मी आता वर्षभर तोच वापरतो.

कॅमलिन किंवा फेविक्रिल चालेल का? व्हॅलेहोचे मिनीसाठीचे रंग फार महाग पडतात.

चालेल, पण कुठे ते बघा. बेस, डोंगर, इमारती यांना बिनधास्त. मेकच्या अंगावर अडचण अशी की ते रंग कॅनव्हासला किंवा कापडाला बनवलेले असतात, झाकायला जाड थर द्यावा लागतो आणि जाड थरात सहा मिलिमीटरच्या जगातले सगळे पॅनल, सगळे बोल्ट बुजून जातात. माझं मत, सगळे भारी रंग घेऊ नका, सहाच घ्या: काळा, पांढरा, एक गन मेटल, एक तपकिरी-काळा वॉश, आणि तुमच्या सैन्याचे दोन. सतरा-अठरा मिलीची बाटली, एका मेकला थेंबभर लागतो, अशा हिशेबाने वर्षं जातात. परदेशातून येणाऱ्या भावाला आणायला सांगणार असाल तर ड्रॉपरच्या बाटल्या चेक-इन बॅगेत सांगा, स्प्रेचा कॅन सांगू नका, विमानात चालत नाही.

पॅलेट विकत घेऊ नका. मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा, तळाला ओला टिशू, वर बेकिंगचा कागद, झालं वेट पॅलेट. पावसाळ्यात दोन दिवसांत वास मारतो, टिशूखाली तांब्याचा छोटा तुकडा ठेवला तर बुरशी कमी धरते, पण टिशू बदलायचा आळस करू नका.

मला चित्रकला अजिबात येत नाही. सोपी पद्धत सांगा.

चित्रकला लागत नाही, धीर लागतो. काळ्या प्रायमरवर मुख्य रंगाचे दोन पातळ हात. सांधे, नळ्या, पायाचे पिस्टन यांना गन मेटल. मग सगळ्यावर वॉश, तो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि एकदम सगळं उठून दिसायला लागतं, तुम्ही काहीच केलेलं नसताना. सपाट भागावर साचलेलं तळं ओल्या ब्रशने टिपून घ्या. पूर्ण वाळू दे. मग ड्राय ब्रश: मुख्य रंगात थोडा पांढरा, ब्रश टिशूवर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवरून हलकेच फिरवायचा. यासाठी मेकअपचा गोल मऊ ब्रश हॉबीच्या ब्रशपेक्षा भारी चालतो. स्वतःचा आणा, घरातला उचलू नका, मी उचलला होता.

एवढं केलं की दोन हात लांबून मेक उत्तम दिसतो, आणि टेबलावर तो दोन हात लांबच असतो. मोबाइलने झूम करून फोटो काढायचा आणि रडायचं, हा प्रकार बंद करा.

ब्रश किती नंबरचे?

एक नंबर आणि दोन नंबर. शून्य-शून्य-शून्यच्या मागे सगळे लागतात, पण त्याच्या टोकावरचा रंग मिनीपर्यंत पोचायच्या आत वाळतो. टोक चांगलं असलेला एक नंबर डोळेसुद्धा काढतो. अप्पा बळवंत चौकात सिंथेटिक ब्रश घेताना पाणी मागून ओला करून टोक जुळतंय का ते बघा, दुकानदार कुरकुरला तरी.

कॉकपिटची काच चमकती कशी करतात?

मेकचा जीव तिथे असतो, म्हणून यावर दहा मिनिटं जास्त घालवा. काचेला गडद रंग द्या, समजा गडद निळा. खालच्या अर्ध्या भागात मधला निळा, अगदी खालच्या कडेला फिकट निळा. आणि वरच्या कोपऱ्यात, गडद भागात, पांढऱ्याचा एकच ठिपका. म्हणजे उजेड वरून आला, ठिपक्यातून आत शिरला आणि खाली जाऊन पसरला. नथीतल्या खड्याकडे निरखून बघा, तसंच असतं.

रंगसंगती कुठली घेऊ?

गोष्टीत शिरायचं असेल तर घराणी आहेत, स्टायनरवाल्यांची निळ्यावर मूठ, कुरिताचा ड्रॅगन, डेव्हियनचा सूर्य आणि तलवार, आणि हजारो भाडोत्री तुकड्या ज्यांना कुठलाही रंग चालतो. माझा सल्ला भाडोत्रीच. स्वतःचं नाव ठेवा, स्वतःचे रंग, कोणी चूक काढणार नाही. फक्त मोजून घ्या, घराण्यांच्या तुकडीत, म्हणजे लान्समध्ये, चार मेक असतात, क्लॅन म्हणून दुसरा पक्ष आहे त्यांच्या तुकडीत, म्हणजे स्टारमध्ये, पाच. चारही एकदम रंगवायला घ्या, सगळ्यांचा हिरवा एका बैठकीत, नाहीतर चौथ्याचा हिरवा वेगळाच होतो.

सेकंडहँड घेतलाय, त्यावर आधीच्याने ऑइलपेंट थापलाय. काढू कसा?

थेट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. अ‍ॅक्रिलिक असेल तर काही तासांत सुटतो, ऑइलपेंट असेल तर रात्रभर ठेवून बघा. झाकणाच्या काचेच्या बरणीत बुडवा, मग टूथब्रश. प्लास्टिक आणि रेझिनला फार वेळ ठेवू नका, तासा-दीड तासाने काढून बघत राहा. समई, उदबत्ती, गॅस यांपासून लांब, हे पेट्रोलसारखं पेटतं. डेटॉलही चालतं, पण घासताना पाणी लावलं तर सगळ्याचा चिकट राळ होतो, आधी डेटॉलमध्येच घासायचं आणि शेवटी साबण-पाणी. शिवाय घरभर दवाखान्याचा वास. अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपेंट रिमूव्हर फक्त आणि फक्त धातूला, प्लास्टिकचा त्यात गोळा होतो.

शिशाचा मिनी असेल तर कोरडा घासू नका, ओला घासा, नंतर हात धुवा, आणि लहान मुलांच्या हातात देऊच नका. त्यावर पांढरी भुकटी आली असेल तर तो मिनी मला विचारू नका, टाकून द्यायच्या मताचा आहे मी.

वार्निश मारलं आणि सगळं पांढरं पडलं!!

परत दमट हवा. रडू नका, बहुतेक वेळा परत येतं. ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या, पांढरेपणा जातो, मग कोरड्या दिवशी मॅट. डिकल म्हणजे पाण्याचे स्टिकर लावणार असाल तर त्याच्या आधीही ग्लॉसच, खडबडीत मॅटवर लावले तर खाली हवा अडकून चंदेरी कड दिसते.

बेसवर काय घालू?

फेव्हिकॉल आणि चाळलेली वाळू. झाड-पाला हवा असेल तर वापरलेली चहापत्ती, पण उन्हात खडखडीत वाळवून आणि वर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात देऊन, नाहीतर ऑगस्टमध्ये बेसवर खरीखुरी बुरशी उगवते. लाल ग्रह हवा असेल तर कोकणातून येताना जांभ्या दगडाची मूठभर भुकटी आणा, तसा लाल बाटलीत मिळत नाही. बेसच्या षटकोनाची पुढची बाजू रंगाने खुणावून ठेवा, या खेळात मेकचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर सगळं अवलंबून असतं आणि पाय फाकवून उभ्या मेकचं तोंड कळत नाही.

ठेवायचे कुठे?

बेसखाली छोटं निओडायमियम चुंबक चिकटवा आणि पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवा, स्कूटरवरून नेलं तरी हलत नाहीत. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घेण्याआधी चुंबक लावून बघा, चांगल्या प्रतीच्या पुष्कळशा स्टीलला चुंबक चिकटतच नाही. मी मोठा डबा विकत आणला आणि घरी आल्यावर कळलं. त्यात आता शंकरपाळे असतात.

मित्राचा मेक माझ्या हातून पडला. गुपचूप जोडून देऊ का?

सांगा त्याला. पिन घालून जोडलात तर जोड आधीपेक्षा मजबूत होईल, पण रंग जुळणार नाही, त्याने कुठल्या दोन बाटल्या मिसळल्या होत्या ते त्याचं त्यालाच ठाऊक. जोड तुम्ही द्या, रंग त्याला देऊ दे. आणि तुटलेला तुकडा आत्ताच, हे वाचणं थांबवून, एका छोट्या पिशवीत घालून मिनीच्या बेसला सेलोटेपने चिकटवा, उद्या सकाळी केर काढायच्या आत.